वेड पांघरलेला राजपुत्र

हॅम्लेट म्हणजे धरसोड्या माणूस, अशी त्याची ओळख आपल्याकडे पक्की रुजली आहे. नोकरी सोडू की नको, या विचारात कोणी महिनाभर अडकला की 'त्याचा हॅम्लेट झालाय' असं आपण सहज म्हणून जातो. शेक्सपिअरचं नाटक नीट वाचलं की ही ओळख टिकत नाही. पडद्याआड कोणीतरी आहे असं कळताच हा माणूस क्षणात तलवार खुपसतो. समुद्रात चाचे गाठतात तेव्हा त्यांच्या जहाजावर उडी टाकणारा तोच. दोन जुन्या मित्रांना मरणाच्या दारात पाठवणारं पत्र तो एका रात्रीत लिहितो, त्यावर राजमुद्राही उठवतो. त्याचा हात चालतो आणि डोकंही चालतं. सगळं अडतं ते एकाच ठिकाणी, वडिलांच्या खुन्यापाशी.

तो तिथे का थांबतो, यावर चारशे वर्षं लिहिलं जातंय. कोणी म्हणालं, तो फार हळवा आहे. कोणी म्हणालं, तो फार विचार करतो. आईबद्दलच्या दडपलेल्या ओढीमुळे तो काकाला मारू शकत नाही, असं फ्रॉइडने १९०० साली मांडलं. मला मात्र उत्तर पहिल्याच अंकात सापडतं, खुद्द वडिलांच्या भुताच्या तोंडी. वडील मुलाला जे काम सांगतात, ते कामच मुळात होण्यासारखं नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. डेन्मार्कचा राजा मरून पुरते दोन महिनेही झालेले नाहीत. गादीवर त्याचा भाऊ क्लॉडियस बसलाय आणि विधवा राणी गर्ट्रूडने महिन्याच्या आतच त्याच्याशी लग्न केलंय. राजपुत्र हॅम्लेटला विटेनबर्गच्या विद्यापीठात परत जायचंय, पण त्याला जाऊ देत नाहीत. एल्सिनोरच्या तटावर रात्री मेलेल्या राजाचं भूत दिसू लागतं. ते मुलाला सांगतं: मी दुपारी बागेत झोपलो होतो, तेव्हा माझ्या भावाने माझ्या कानात विष ओतलं. माझा सूड घे.

भूत एवढ्यावर थांबत नाही, आणि नेमकं इथेच बहुतेकांचं लक्ष निसटतं. लगेच ते बजावतं की हे तू कसंही कर, पण आपलं मन मळू देऊ नकोस, आणि आईविरुद्ध काही मनात आणू नकोस, तिचा न्याय देवावर सोड. पहाट होते म्हणून जाता जाता त्याचे शेवटचे शब्द: माझी आठवण ठेव.

जरा थांबून या आज्ञेकडे बघा. माणूस मार, पण मन स्वच्छ ठेव. काकाला संपव, पण त्याच्याच संसारात बसलेल्या आईला ओरखडाही उठू देऊ नकोस. चिखलात उतर, पण पाय कोरडे ठेव. थंड डोक्याने माणूस मारायला मनात काय काय साठवावं लागतं, याचा विचार केला की ही आज्ञा किती क्रूर आहे ते कळतं. वडिलांना ते दिसत नाही, कारण ते जुन्या जमान्यातले योद्धे आहेत. मुलगा विद्यापीठातला आहे, त्याला ते दिसतं. नाटकातलं अंतर्द्वंद्व हॅम्लेटच्या स्वभावातला दोष म्हणून येत नाही. ते वडिलांनी त्याच्या हाती ठेवलेलं आहे.

त्या काळच्या लंडनच्या प्रेक्षकाला सूडनाट्य चांगलं परिचयाचं होतं. थॉमस किडचं 'स्पॅनिश ट्रॅजेडी' हे नाटक १५८० च्या दशकापासून गाजत होतं. त्यात भूत होतं, दुःखाने वेडा होणारा बाप होता, नाटकातलं नाटक होतं आणि शेवटी प्रेतांचा खच होता. हॅम्लेटचंही एक जुनं नाटक शेक्सपिअरच्या आधी रंगभूमीवर होतं. आज ते हरवलंय, पण १५९६ च्या एका पुस्तकात त्यातलं भूत कालवं विकणाऱ्या बाईसारखं 'हॅम्लेट, सूड!' असं किंचाळायचं, अशी थट्टा केलेली सापडते. म्हणजे १६०० च्या आसपास शेक्सपिअरने हा विषय घेतला, तेव्हा लोक भुताची किंकाळी आणि रक्तपात बघायलाच येणार होते. त्याने ते सगळं दिलं. फक्त ज्याने सूड घ्यायचा, त्याला मन दिलं.

आता वेडाकडे येऊ. इथे मूळ कथा ठाऊक असणं फार उपयोगाचं आहे. सुमारे १२०० साली सॅक्सो ग्रामॅटिकस नावाच्या डॅनिश इतिहासकाराने लॅटिनमध्ये अॅम्लेथ या राजपुत्राची कथा लिहून ठेवली. त्या कथेत काकाने भावाचा खून केल्याचं जगजाहीर असतं. अॅम्लेथ अजून पोर आहे, मोठा झाला की सूड घेणार हे काकालाही कळतं. म्हणून पोरगं अंगाला राख फासतं, चिखलात लोळतं, असंबद्ध बोलतं. खुळ्याला कोण कशाला मारेल? आपल्याकडे याला नेमका शब्दप्रयोग आहे: वेड पांघरून पेडगावला जाणं. अॅम्लेथचं वेड ही ढाल होती.

शेक्सपिअरने एकच बदल केला आणि ती ढाल निरुपयोगी करून टाकली. त्याच्या नाटकात खून गुप्त आहे. राजा साप चावून मेला, असं सगळ्या देशाला सांगितलंय. हॅम्लेटवर कोणाचा संशय नाही. तो गप्प राहिला असता तर कोणी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नसतं. उलट वेड्यासारखं वागू लागल्यावरच त्याच्यामागे हेर लागतात, जुने मित्र बोलावून घेतले जातात, प्रेयसीला गळ म्हणून वापरलं जातं. मोठ्या माणसांच्या वेडावर नजर ठेवलीच पाहिजे, असं क्लॉडियस म्हणतोच.

मग त्याने वेड पांघरलं कशासाठी? भूत भेटायच्या आधीचं एक वाक्य मला इथे महत्त्वाचं वाटतं. आईच्या लग्नाबद्दल एकट्याशी बोलून झाल्यावर तो म्हणतो, काळजा, फुटून जा, कारण मला तोंड बंद ठेवायचंय. दरबारात त्याला शोक करायचीही मोकळीक नाही. सगळे बाप मरतातच, एवढा कसला शोक, हा बायकीपणा आहे, असं काका भर सभेत सुनावतो. ज्याला शोक करू दिला जात नाही, त्याला वेडाने बोलायला वाट मिळते. वेड्याचं सोंग घेतलं की राजाचा मंत्री पोलोनियस याला तोंडावर मासेविक्या म्हणता येतं, राजाला सांगता येतं की तुला खाल्लेला किडा मासा खाईल आणि तो मासा भिकारी खाईल, म्हणजे राजा भिकाऱ्याच्या आतड्यातून सफर करू शकतो. पोलोनियस म्हातारा आणि बोलघेवडा असला तरी त्यालाही कळतं की हे वेड खरं, पण त्यात काहीतरी पद्धत आहे.

हे सोंग की खरं वेड, हा प्रश्न विचारायचा मोह होतोच. नाटकात दोन्ही बाजूंना पुरावे पेरलेले आहेत. आपण विचित्र वागणार आहोत हे हॅम्लेट मित्रांना आधीच सांगून ठेवतो. दरबाऱ्यांशी तो तुटक गद्यात बोलतो, पण एकटा असला की त्याच्या तोंडी सुडौल पद्य येतं. आईला तो म्हणतो, माझी नाडी तपास, तुझ्याइतकीच शांत चालतेय. हे झालं सोंगाच्या बाजूने. पण त्याच खोलीत त्याला पुन्हा वडिलांचं भूत दिसतं आणि आईला मात्र रिकामी हवा दिसते. पहिल्या अंकात पहारेकऱ्यांनी आणि हॅम्लेटचा मित्र होरेशिओनेही भूत पाहिलं होतं. या वेळी ते एकट्यालाच दिसतं.

आणि खिन्नता तर भुताच्याही आधीची आहे. त्याच्या पहिल्याच स्वगतात त्याला आपला देह वितळून जावासा वाटतो, आत्महत्या देवाने निषिद्ध केली नसती तर बरं झालं असतं असं वाटतं. जग म्हणजे तण माजलेली, कोणी न निंदलेली बाग. पुढे तो मित्रांना सांगतो, माझा सगळा आनंद गेलाय, का ते मलाच कळत नाही. त्याला झोपेत वाईट स्वप्नं पडतात. त्या काळचे वैद्य याचा संबंध शरीरातल्या काळ्या पित्ताशी लावत. टिमथी ब्राइट नावाच्या इंग्रज वैद्याने १५८६ साली या खिन्नतेवर अख्खा ग्रंथ लिहिला होता. आजच्या निदानाचं लेबल नाटकातल्या पात्राला चिकटवावं असं मला वाटत नाही. पण ज्याने जवळच्या माणसाला त्या अंधारात जाताना पाहिलंय, त्याला या ओळी ओळखू येतील. सोंग खऱ्या दुःखावर चढवलेलं आहे, आणि हळूहळू सोंग कुठे संपतं हे ते घेणाऱ्यालाही सांगता येईनासं होतं.

इथे आपल्या भाषेतला एक शब्द मदतीला येतो. गोपाळ गणेश आगरकरांनी या नाटकाचं मराठी भाषांतर १८८३ साली प्रसिद्ध केलं आणि त्याला नाव दिलं 'विकारविलसित'. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढताना ते याच भाषांतरावर काम करत होते. 'विकार' या शब्दाची गंमत पाहा. काम, क्रोध, लोभ हे मनाचे विकार, म्हणजे भावना. आणि हृदयविकार, मनोविकार यांतला विकार म्हणजे रोग. दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदतात. भावना कुठे संपते आणि आजार कुठे सुरू होतो, हाच तर या नाटकाचा प्रश्न आहे, आणि आगरकरांनी तो थेट शीर्षकात मांडला. विकारांचा खेळ. शाहूनगरवासी नाटक मंडळीत गणपतराव जोशी यांनी हा राजपुत्र, मराठीतला चंद्रसेन, असा उभा केला की त्यांचं नाव त्या भूमिकेशी कायमचं जोडलं गेलं. अलीकडे, २०१८ मध्ये, नाना जोगांच्या भाषांतरावरून चंद्रकांत कुलकर्णी यांनी नाटक पुन्हा बसवलं, सुमीत राघवन हॅम्लेट झाले. आणि नाटक न पाहिलेल्या मराठी माणसालाही 'जगावं की मरावं' ठाऊक असतं ते शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मुळे.

'जगावं की मरावं' या हॅम्लेटच्या मूळ स्वगताबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. त्यात 'मी' नाही. वडील नाहीत, काका नाही, सुडाचं नावही नाही. माणसांनी हे जिणं का सोसावं, एवढाच विचार आहे. मृत्यूच्या देशातून कोणी प्रवासी परतत नाही, असं तो म्हणतो, आणि स्वतःच्या वडिलांच्या भुताशी तो बोललेला आहे! तेवढ्यापुरता तो सगळं विसरलाय, की त्या भुतावर त्याचा विश्वासच बसलेला नाही?

विश्वास नसण्याला कारण होतं. भूत म्हणतं की मी दिवसा आगीत जळतोय, पापं धुऊन निघेपर्यंत मला सुटका नाही. कॅथलिक लोक मानत त्या शुद्धिलोकाचं हे वर्णन आहे. पण शेक्सपिअरचं इंग्लंड प्रोटेस्टंट होतं आणि असा लोक अस्तित्वातच नाही, असं तिथल्या चर्चचं मत होतं. हॅम्लेट शिकला तेही विटेनबर्गला, ल्यूथरच्या गावात. त्या शिकवणीप्रमाणे मेलेला माणूस परत येत नाही. येतो तो बहुधा सैतान, माणसाला पापात ढकलायला. अशा वेळी कोणाच्या सांगण्यावरून कोणाचा जीव घ्यायचा? म्हणून तो नटांकरवी राजासमोर तशाच खुनाचा प्रवेश करून दाखवतो आणि राजाचा चेहरा वाचतो. पुरावा मागणाऱ्याला धरसोड्या म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

पुरावा मिळतो. राजा घाबरून उठतो, दिवे मागतो. आणि लगेचच नाटकातला सगळ्यात भयंकर प्रवेश येतो.

क्लॉडियस एकटा गुडघे टेकून बसलाय, पाठमोरा. मागून हॅम्लेट येतो. तलवार हातात आहे, आजूबाजूला कोणी नाही, शंका संपलेली आहे. एक घाव आणि काम झालं असतं. तो थांबतो. आणि या एका वेळी त्याच्या थांबण्यात दया नाही, संशय नाही, हळवेपणाही नाही. प्रार्थना करताना मेला तर हा स्वर्गात जाईल, असं तो म्हणतो. माझे वडील पापं न धुता गेले. मग यालाही दारूच्या नशेत, रागात, बिछान्यात गाठावं, म्हणजे आत्मा सरळ नरकात जाईल. देह मारून त्याचं समाधान होणार नाही, त्याला अनंतकाळ हवा आहे. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांना अठराव्या शतकात हे भाषण वाचण्याच्याही पलीकडचं भीषण वाटलं होतं. मला वाटतं, त्यांची अस्वस्थता बरोबर होती. मन मळू देऊ नकोस, असं वडील म्हणाले होते. ते इथे मळलं.

हॅम्लेट निघून गेल्यावर क्लॉडियस उठतो आणि म्हणतो, माझे शब्द वर गेले, मन खालीच राहिलं. प्रार्थना झालीच नव्हती. त्या क्षणी घाव घातला असता तर हॅम्लेटला हवं ते सगळं मिळालं असतं. हे फक्त प्रेक्षकाला कळतं.

पुढच्या काही मिनिटांत तो आईच्या खोलीत पोहोचतो, पडद्यामागचा आवाज ऐकून तलवार खुपसतो आणि राजाऐवजी म्हातारा पोलोनियस मरतो. ज्याच्या वडिलांचा खून झाला, त्याने आता दुसऱ्या दोघांच्या वडिलांचा खून केलाय. सूड घ्यायला निघालेला स्वतःच कोणाच्या तरी सुडाचं लक्ष्य होतो.

पोलोनियसची दोन मुलं, लेअर्टीस आणि हॅम्लेटची प्रेयसी ओफिलिया. हॅम्लेटच्या मनात जे एकत्र कोंडलं होतं, सूड आणि वेड, ते या भावाबहिणीत वाटलं जातं.

लेअर्टीसच्या मनात द्वंद्वच नाही. बापाच्या मृत्यूची बातमी कळताच तो जमाव घेऊन राजवाड्यात घुसतो. हॅम्लेटचं काय करशील, असं राजा विचारतो तेव्हा तो म्हणतो, देवळात त्याचा गळा चिरीन. सुडाला हद्द नसावी, अशी शाबासकी त्याला देतो तो खुद्द खुनी क्लॉडियस. आपल्याला इथे अश्वत्थामा आठवेल, बापाच्या सुडासाठी रात्री झोपलेल्या छावणीत शिरलेला. हॅम्लेटने झटपट सूड घ्यायला हवा होता असं ज्यांना वाटतं, त्यांनी लेअर्टीसकडे पाहावं. दोन-चार संवादांत तो राजाच्या हातचं बाहुलं झालेला असतो, तलवारीच्या टोकाला विष लावायला तयार.

ओफिलियाचं वेड मात्र पांघरलेलं नाही. नाटकभर तिला सगळे फक्त सांगत आलेत. भाऊ सांगतो त्याच्यापासून जपून राहा, बाप सांगतो त्याची पत्रं परत कर, राजा सांगतो आम्ही लपून ऐकतो तू बोल. 'बरं बाबा', एवढंच तिचं उत्तर. मग ज्याच्यावर प्रेम केलं त्याच्या हातून बाप मरतो. बापाला घाईघाईने, मानपानाशिवाय पुरतात. तिला कोणी काही समजावत नाही. ती मुलगी आहे, तिच्याकडे तलवार नाही, सुडाची आज्ञा तिला कोणी दिलेली नाही. ती गाऊ लागते. मेलेल्या म्हाताऱ्याची गाणी आणि फसवलेल्या मुलींची गाणी, एकमेकांत मिसळून. आयुष्यात प्रथमच सगळा दरबार तिचं ऐकतो.

मग ती फुलं वाटते. रोजमेरी आठवणीसाठी. हा तोच शब्द आहे, भुताने जाताना उच्चारलेला. बडीशेप देते, आणि आपल्याकडे कुंडीत लावतात तो सताप देते: थोडा तुला, थोडा मला. इंग्रजीत या रोपाच्या नावाचाच अर्थ पश्चात्ताप असा होतो, आणि मराठीत सताप म्हणताना संताप ऐकू येतो, हा योगायोग मला फार भिडतो. कुठलं फूल कोणाला द्यायचं हे संहितेत लिहिलेलं नाही. राजाला, राणीला की भावाला, ते दिग्दर्शक ठरवतो आणि त्यावरून दोषी कोण ते ठरतं. व्हायोलेटची फुलं द्यायची होती, ती म्हणते, पण बाबा गेले तेव्हा ती सगळी सुकून गेली. थोड्या वेळात ती ओढ्यात बुडून गेल्याची बातमी येते.

पोलोनियसच्या खुनानंतर राजाने हॅम्लेटला इंग्लंडला धाडलं होतं. वाटेतून परत आलेला हॅम्लेट वेगळा आहे. स्मशानात तो थडगं खणणाऱ्याशी गप्पा मारतो. थोरल्या हॅम्लेटने शेजारच्या राजाला मारलं त्या दिवसापासून आपण हे काम करतोय, असं तो माणूस सांगतो, आणि राजपुत्रही त्याच दिवशी जन्मला. तीस वर्षं झाली. मारलेल्या त्या राजाचा मुलगा म्हणजे फॉर्टिनब्रास, नाटकातला आणखी एक पोरका मुलगा. या नाटकात प्रत्येकाच्या मागे एक मेलेला बाप उभा आहे.

शेवटच्या प्रवेशात तलवारबाजीचा खेळ ठेवतात. हॅम्लेटचं मन कच खातं, होरेशिओ म्हणतो नको खेळूस. हॅम्लेट म्हणतो, चिमणी पडते तीही देवाच्या नजरेखाली पडते. यायचं ते आज नाही तर उद्या येईल, तयार असणं एवढंच आपल्या हाती. योजना त्याच्याकडे नाहीच. लेअर्टीसची तो सगळ्यांसमोर माफी मागतो, आणि ते माझ्या वेडाने केलं म्हणतो. ही माफी खरी की पळवाट, मी पुन्हा पुन्हा वाचूनही ठरवू शकलेलो नाही.

आई विषाचा प्याला पिऊन पडते. विषारी तलवारीने तो स्वतः आणि लेअर्टीस दोघेही जखमी झालेत. राजानेच हे केलं, असं लेअर्टीस ओरडतो. तेव्हा कुठे हॅम्लेट राजाला मारतो, भर दरबारात. त्या क्षणी तो वडिलांचं नाव घेत नाही. माझ्या आईच्या मागे जा, असं म्हणत उरलेलं विष त्याच्या घशात ओततो. ज्या सुडासाठी भूत कबरीतून उठून आलं, तो घडताना भुताची आठवण कोणालाच नाही.

मरता मरता लेअर्टीस म्हणतो, माझा आणि माझ्या बापाचा मृत्यू तुझ्या माथी नको, तुझा माझ्या माथी नको. दोन मुलगे एकमेकांना माफ करतात. वडिलांच्या पिढीला हे सुचलं नव्हतं.

होरेशिओ उरलेलं विष प्यायला प्याला उचलतो. हॅम्लेट मरणाच्या दारात असूनही तो हिसकावून घेतो. तू थोडा काळ या कठोर जगात श्वास घे, माझी गोष्ट सांगायला. वडिलांनी मुलाकडे आठवण मागितली ती सुडाच्या रूपात. मुलगा मित्राकडे फक्त सांगणं मागतो.

फॉर्टिनब्रास सैन्यासह आत येतो, तलवार न उपसता त्याला राज्य मिळतं. होरेशिओ सांगू लागतो: रक्तपात, अपघाती मृत्यू, उलटलेले डाव. आतल्या झगड्याचा एक शब्दही त्यात नाही. या राजपुत्राला सैनिकासारखं उचला, असा हुकूम फॉर्टिनब्रास देतो, त्याला मानवंदना द्या. विटेनबर्गच्या विद्यार्थ्याला चार सेनाधिकारी खांद्यावर घेतात आणि बाहेर तोफा सुटतात.